परवलीचा शब्द आणि मुखत्यारपत्र

एका शाळेच्या संगणककक्षातील तीस लिनक्स यंत्रांवर नवे सॉफ्टवेअर चढविण्याचे काम आज्ञावलीवर सोपवून आम्ही संध्याकाळी निश्चिंत मनाने घरी गेलो, आणि सकाळी दार उघडून पाहतो तो पहिल्याच यंत्राच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड मागणारी एक ओळ रात्रभर तिष्ठत उभी होती. उरलेल्या एकोणतीस यंत्रांपर्यंत काम पोहोचलेच नव्हते. अशा वेळी पासवर्डच आज्ञावलीत लिहून टाकावा, हा उपाय कोणालाही प्रथम सुचतो, आणि एका तरुण सहकाऱ्याने तो तत्काळ सुचविलाही. त्या उपायाला माझा सक्त विरोध आहे.

1980 च्या सुमारास अमेरिकेतील बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी रचलेला आणि एखाद्या आज्ञेला 'रूट'चे, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार मिळवून देणारा 'सुडो' हा प्रोग्रामच येथे पासवर्ड मागत होता; तो समोर माणूस बसला आहे असे गृहीत धरून पासवर्ड थेट टर्मिनलवरून घेतो. 'एस' हा पर्याय वापरून तो आज्ञावलीतूनही पुरविता येतो खरा. परंतु एकदा कागदावर उतरलेले गुपित जसे नकलांबरोबर हिंडत राहते, तसाच फायलीत लिहिलेला हा शब्द बॅकअपच्या प्रतींत जातो, आणि ती ओळ पुढे खोडली तरी फायलीच्या जुन्या आवृत्त्यांच्या दप्तरात शाबूत राहतो.

आपल्या कचेऱ्यांत कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांत जो भेद पूर्वापार मानला जातो, तोच येथे उपयोगी पडतो. पासवर्ड देणे म्हणजे कुलमुखत्यार नेमणे; उलट 'सुडो'च्या 'सुडोअर्स' नावाच्या नियमावलीत अमुक खात्याने अमुक एकच आज्ञा पासवर्डविना चालवावी अशी 'नोपासवर्ड'ची ओळ घालणे, हे खास मुखत्यारपत्र होय. ही ओळ 'व्हिसुडो' या प्रोग्रामनेच लिहावी, कारण तो जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासतो, आणि या नियमावलीतील एका चुकीने 'सुडो'चे दारच बंद होऊ शकते. मात्र ज्या आज्ञावलीला मुभा दिली ती 'रूट'च्याच मालकीची असली पाहिजे. त्या खात्याला तिच्यात फेरफार करता आला, तर खास मुखत्यार क्षणात कुलमुखत्यार होतो. सॉफ्टवेअरची पॅकेजे चढविणाऱ्या 'अ‍ॅप्ट'ला सरसकट मुभा देण्यातही हाच धोका आहे, कारण पॅकेज चढविताना त्याच्या आतील आज्ञावल्या रूटच्याच अधिकाराने चालतात. आज्ञावलीत 'सुडो'ला 'एन' हा पर्यायही जोडावा; म्हणजे परवानगी नसल्यास काम रात्रभर खोळंबण्याऐवजी तत्क्षणी त्रुटी नोंदवून थांबते.

आम्ही तसेच केले, आणि दुसऱ्या रात्री तीसही यंत्रे सिद्ध झाली. शाळांतून, पतपेढ्यांतून, नगरपालिकांतून संगणक सांभाळणाऱ्या बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपापल्या आज्ञावल्या आजच उघडून पाहाव्यात, आणि एखादीत पासवर्ड लिहिलेला आढळला तर ती ओळ खोडून स्वस्थ न बसता तो पासवर्डच बदलून टाकावा.