वीस वर्षे कुलपात ठेवलेली भूमिका

कलावंतांना पदके आणि पदव्या देताना सोव्हिएत राजवटीने सहसा हात आखडता घेतला नाही. परंतु कलावंताला मान देणे वेगळे आणि त्याच्या कलेवर विश्वास ठेवणे वेगळे. हा फरक ज्यांना समजून घ्यावयाचा असेल, त्यांनी नोन्ना मॉर्द्युकोवा या अभिनेत्रीची चित्रपटसृष्टीतील वाटचाल अवश्य पाहावी.

१९२५ साली जन्मलेली ही मुलगी कुबान प्रदेशातील खेड्यांत वाढली. आई सामूहिक शेतीची अध्यक्ष, घरात सहा भावंडे आणि ही सर्वांत थोरली. युद्धानंतर ती मॉस्कोच्या राज्य चित्रपट संस्थेत दाखल झाली. सेर्गेई गेरासिमोव यांच्या ‘यंग गार्ड’ या १९४८ च्या चित्रपटात तिने नाझींविरुद्ध लढताना प्राण देणाऱ्या उल्याना ग्रोमोवाची भूमिका केली आणि १९४९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला स्टालिन पारितोषिक मिळाले. शेतावर राबणाऱ्या घरातील मुलीसाठी देशातील पहिल्या प्रतीच्या संस्थेचे दार उघडले गेले, याचे श्रेय त्या व्यवस्थेला द्यावेच लागेल.

पुढे कष्टकरी ग्रामीण स्त्री म्हणजे मॉर्द्युकोवा, असे समीकरणच होऊन बसले. ‘साधी गोष्ट’ (१९६०) मध्ये ती सामूहिक शेतीची धुरा खांद्यावर घेणारी विधवा झाली. ‘अध्यक्ष’ (१९६४) मध्ये युद्धाने पिळवटलेल्या खेड्यातील स्त्रीचे दैन्य आणि तिचा कणखरपणा तिने पडद्यावर आणला. धिप्पाड बांधा, रांगडा आवाज आणि क्षणात कोवळे होणारे डोळे! भित्तिचित्रांवरील हसतमुख शेतकरीण आणि खरी शेतकरीण यांतील अंतर तिच्या चेहऱ्यावर वाचता येत असे.

याच सामर्थ्याची कसोटी १९६७ साली लागली. वासिली ग्रोसमन यांच्या कथेवरून अलेक्सांद्र आस्कोल्दोव यांनी ‘कमिसार’ हा चित्रपट केला. यादवी युद्धाच्या काळातील लाल सेनेची कमिसार क्लावदिया वाविलोवा गरोदर राहते आणि बाळंतपणासाठी तिला येफिम मागाझान्निक या गरीब ज्यू कारागिराच्या घरी ठेवले जाते. रोलान बिकोव यांनी रंगविलेला हा पत्र्याची भांडी सांधणारा येफिम, त्याची बायको आणि पोरेबाळे यांच्या सहवासात त्या करड्या स्त्रीतील माणूस जागा होतो. चित्रपटात एके ठिकाणी तिला भविष्याचे भयस्वप्न पडते : पिवळा तारा लावलेले ज्यू मृत्यूच्या छावणीकडे चालले आहेत. अखेरीस बाळ त्या कुटुंबाच्या ओटीत टाकून ती पुन्हा लढाईवर जाते. क्रांती येथे कोठेही नाकारलेली नाही. क्रांतीसाठी माणसाला काय द्यावे लागते, एवढेच दाखविले आहे.

तेवढेही सत्तेला सोसले नाही. ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षीच हा चित्रपट अडविण्यात आला. नाझींनी ज्यूंचा ज्यू म्हणून संहार केला, हे उघडपणे बोलणे त्या देशात अप्रिय होते आणि १९६७ च्या जूनमधील अरब-इस्रायल युद्धानंतर तर ते अधिकच अडचणीचे झाले. आस्कोल्दोव यांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि त्यांना पुढे एकही कथाचित्र करता आले नाही. १९८७ च्या जुलैत, मॉस्को महोत्सवात, ‘कमिसार’ प्रथम लोकांसमोर आला आणि १९८८ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक, रौप्य अस्वल, मिळाले. भूमिका केली तेव्हा मॉर्द्युकोवा एक्केचाळीस वर्षांची होती. लोकांनी ती पाहिली तेव्हा एकसष्ट वर्षांची.

यावर असे म्हटले जाईल की, तिला कामे तर मिळतच राहिली. खरे आहे. ‘हिऱ्यांचा हात’ (१९६९) मधील सगळ्यांवर नजर ठेवणारी इमारत-व्यवस्थापक, ‘नातेवाईक’ (१९८१) मधील लेकीच्या संसाराने भांबावलेली खेडवळ आई, ‘दोघांसाठी स्टेशन’ (१९८३) मधील बाजारातील विक्रेती, या भूमिका प्रेक्षकांनी डोक्यावर घेतल्या. १९७४ मध्ये ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ ही सर्वोच्च पदवीही तिला मिळाली. परंतु लोककलावंत म्हणून तिचा गौरव झाला, त्या दिवशी तिची सर्वांत थोर भूमिका लोकांपासून दडवून ठेवलेली होती. याहून बोचरी विसंगती ती कोणती?

भांडवली जगातही नफ्याच्या हिशेबाने कितीतरी चित्रपट गाडले जातात, हा दुसरा युक्तिवाद. तोही खोटा नाही. पण बाजार लोकांच्या नावाने बोलत नाही. सोव्हिएत सत्ता बोलत होती. जी व्यवस्था आपण कष्टकऱ्यांची आहोत असे सांगते, तिने कष्टकरी स्त्रीच्या खऱ्या चेहऱ्याला भ्यावे, हा तिचा बाजारापेक्षा मोठा अपराध ठरतो. आणि त्याची झळ एकट्या अभिनेत्रीला लागली नाही. ज्या प्रेक्षकांना हा चित्रपट पाहून आपल्याच इतिहासाशी दोन प्रश्न करता आले असते, त्यांची एक पिढी त्याला मुकली.

मॉर्द्युकोवा २००८ साली वारली. सोव्हिएत संघ त्याआधीच, १९९१ मध्ये, इतिहासजमा झाला होता. त्याने दिलेल्या पदव्यांचे मोल आज इतिहासापुरतेच उरले आहे. त्याने कुलपात ठेवलेली वाविलोवा मात्र पडद्यावर जिवंत आहे. समतेचे राज्य आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे : कलावंताच्या गळ्यात हार घालणे सोपे असते, त्याने समोर धरलेल्या आरशात स्वतःचे तोंड पाहणे कठीण. समाजवादाची परीक्षा या दुसऱ्या गोष्टीत आहे.