पितळ उघडे पडले

दर आठवड्याला या पानावर मी एखादा शब्द घेऊन बसते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळी अंकासाठी कोणता शब्द घ्यावा या विचारात होते, तोच माळ्यावरची भांडी खाली काढण्याची वेळ आली आणि शब्द आपण होऊन समोर उभा राहिला. तो आला तोही मला खजील करीतच.

‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार मी गेली अठरा वर्षे वर्गात सांगत आले आहे. खोटेपणा उघडकीस येणे, असा त्याचा अर्थ सांगायचा आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. ज्या भांड्यावरून तो निघाला त्या भांड्यात मात्र मी कधी डोकावून पाहिले नव्हते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा असतो, तो झिजला की खालची पिवळी धातू दिसू लागते. उघडे पडायचे ते हे पितळ. गेल्या दिवाळीत ते माझ्याच स्वयंपाकघरात पडले.

आम्ही जुन्या नाशकातला वाडा सोडून गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा हंडे, घंगाळे, बंब, पराती अशी बरीचशी भांडी मोडीत गेली. तोलून पैसे घेतले. सासूबाईंनी एक पातेले तेवढे हातचे सोडले नाही. ते त्यांच्या लग्नातले, १९७२ सालचे, दुष्काळाच्या वर्षातले. काठावर त्यांचे नाव आणि साल ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले आहे. फ्लॅटमध्ये आल्यापासून ते माळ्यावर होते. अलीकडे पितळेची भांडी वापरण्याची मोठी हवा आली आहे. मोबाइलवर रोज कोणीतरी पिवळ्याधमक पातेल्यात वरण शिजवताना दिसते. मलाही हुरूप आला. पातेले काढले, चिंच-मीठ लावून आतबाहेर असे घासले की आरशासारखे झळकू लागले. पाडव्याच्या जेवणाला नणंदेची माणसे यायची होती. सकाळीच कढी करून त्या पातेल्यात ठेवली आणि दुपारी त्यातूनच वाढली.

जेवणे उरकतात न उरकतात तोच धाकट्या भाच्याला मळमळू लागले. मग माझ्या मुलीला, मग नणंदेला. तासाभरात चौघांच्या उलट्या. डॉक्टरांना बोलावले, त्यांनी काय खाल्ले विचारले, कढी म्हटल्यावर भांडे दाखवा म्हणाले. सासूबाईंनी उरलेल्या कढीचा एक थेंब जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. “कळकली,” एवढेच म्हणाल्या. रात्रीपर्यंत सगळी माणसे ठीक झाली, पण मी मात्र दोन दिवस कोणाच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

कळकणे हा शब्द आता किती घरांत उरला असेल? पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू यांतले आम्ल या दोन्ही धातूंना विरघळवून अन्नात उतरवते, तोंडाला तुरट-कडवट चव येते आणि पोट ते स्वीकारीत नाही. आमच्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्याजवळ त्यासाठी नेमका एक शब्द होता. माझ्याजवळ एम. ए.ची पदवी होती आणि तो शब्द नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंजवळ बसले. म्हटले, “आई, तुम्ही मला अडवले का नाही?”

“मला वाटले तू आत बघितले असशील,” त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प बसून त्यांनी जे सांगितले ते मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत प्रथमच ऐकले. निफाडकडच्या त्यांच्या माहेरी त्यांच्या पाठीवर एक भाऊ झाला होता. आईला दूध नव्हते, म्हणून गाईचे दूध पितळेच्या तपेलीत तापवून, त्यातच ठेवून, दिवसभर पाजीत. दीड वर्षाचा झाला आणि पोट फुगू लागले. ‘लिव्हर झाले’ असे सगळे म्हणाले. दुसरी दिवाळी त्याने पाहिली नाही. “तपेलीला कल्हई होती की नव्हती, कोणाला माहीत,” सासूबाई म्हणाल्या. “पण पुढे माझी आई कल्हईवाला दारावरून गेला की पैसे नसले तर धान्य देऊन भांडी करून घ्यायची.”

त्या बाळाला काय झाले होते ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर १९८०च्या दशकात अशाच बाळांचा अभ्यास केला होता. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा विकार त्या काळी आपल्याकडे होता, आणि त्या मुलांच्या यकृतात तांबे भलतेच साठलेले आढळे. आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना केली तेव्हा दिसले की, आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले होते, आणि ते तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवलेले किंवा ठेवलेले होते. दुधातील केसिन तांबे धरून ठेवते. पुढे घरोघरी स्टील आले, दुधाची पितळी भांडी गेली आणि तो आजारही दुर्मीळ झाला. जुने ते सारे सोने म्हणणाऱ्यांनी एवढे एक पान वाचावे, असे मला फार वाटते. स्टीलला आपण उगाच नाके मुरडतो.

तर मग पातेले पुन्हा माळ्यावर टाकायचे का? मला ते पटेना. दिवाळी संपल्यावर मी ते पिशवीत घातले आणि भांडी बाजारात गेले. रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन हा सारा भाग म्हणजे नाशिकच्या धातूंचे माहेरघर. १८८३ सालच्या जिल्हा गॅझेटियरलाही इथल्या तांब्यापितळेच्या कामाची दखल घ्यावी लागली. गोदावरी चढली की तिचे पाणी या बाजारात शिरते, २०१६च्या ऑगस्टमध्येही शिरले होते. पाणी ओसरले की दुकाने पुन्हा मांडली जातात. तांबटांच्या हातोडीचा ठोका पूर्वीइतका ऐकू येत नाही. तरी यात्रेकरू रामकुंडावरून गंगेचे पाणी न्यायला तांब्याचा गडू घेतात तो याच बाजूच्या दुकानांतून.

चार ठिकाणी विचारल्यावर एक कल्हईवाले काका भेटले. त्यांनी पातेले हातात घेऊन आधी काठावरचे नाव वाचले, मग आत पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मला वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखे झाले.

काम मात्र त्यांनी मला बसवून दाखवले. आधी पातेले आतून रेतीने घासून अगदी कोरे केले. मग कोळशांवर धरून भाता चालवला. भांडे पुरते तापले तशी नवसागराची चिमूट आत टाकली. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि नाकात झणझणले. हा नवसागर धातूवरचा मळ आणि गंज उडवतो, त्यावाचून कथील धरत नाही. लगेच कथलाची कांडी आत टेकवली. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे ते पाण्यासारखे पसरले, आणि काकांनी कापसाच्या बोळ्याने ते चारी बाजूंना असे फिरवले की पिवळ्या पातेल्यात पाहता पाहता चांदणे पडले. मग चर्रकन पाण्यात बुडवले. सगळे मिळून दहा मिनिटे.

“ताई, कथील बघून घेत जा,” काका म्हणाले. काही जण त्यात शिसे मिसळतात. ते स्वस्त पडते, पण शिसे म्हणजे विषच. त्यांनी कांडी माझ्या कानाशी धरून वाकवली, आत बारीक करकर आवाज झाला. शुद्ध कथील असे बोलते. शिशाची कांडी मुकाट्याने वाकते, आणि कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठते. भाषेची प्राध्यापिका असून धातूही बोलते हे मला त्या दिवशी कळले.

घरी आणल्यावर त्यांनी सांगितलेले नियम मी कपाटाच्या दाराला चिकटवले. कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवायचे नाही आणि त्यात तळण करायचे नाही, कारण आच २३२ अंशांपुढे गेली की मुलामा वितळून गोळा होतो. आत लाकडी डाव वापरायचा, तारेची घासणी नाही. पिवळे दिसू लागले की भांडे थेट बाजारात. रोज वापराल तर काही महिन्यांतच ती वेळ येते. चिंच-मीठ लावायचे ते बाहेरून, आणि लावले की लगेच धुऊन कोरडे पुसायचे. मी ते रात्रभर लावून ठेवीत असे. आम्ल बराच वेळ राहिले तर पितळेतले जस्त आधी निघून जाते आणि भांड्यावर गुलाबी डाग उरतात. ते मी कित्येक वर्षे स्वच्छतेची खूण समजत होते!

तांब्याच्या कळशीत पाणी ठेवणाऱ्यांना मी हसणार नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की, तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. मात्र ते साधे पाणी हवे. त्यात लिंबू पिळून सरबत ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत.

बाकीच्या धातूंचे थोडक्यात सांगते. लोखंडी कढईतली मेथीची भाजी छान, पण झाली की काढून घ्यावी आणि कढई पुसून तेलाचा हात फिरवावा. जर्मनच्या पातेल्यात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, आंबट मुरवत ठेवू नये. स्टीलला पाणी उकळल्यावर मीठ घालावे. थंड पाण्यात तळाशी बसलेले मीठ त्याला बारीक खड्डे पाडते. काळवंडलेले चांदीचे निरांजन ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवून सोड्याचे कढत पाणी ओतले की काळेपणा कागदाकडे जातो, चांदी घासून झिजवावी लागत नाही. खडे जडवलेल्या वस्तूला मात्र हा प्रयोग नको.

पातेल्याची कल्हई यंदा पुन्हा करून आणली आहे. वसुबारसेला त्यात खीर करायची ठरवली, तेव्हा सासूबाईंनी ते खिडकीशी नेले, उजेडात कलते करून आत नीट पाहिले, बोट फिरवून पाहिले आणि माझ्या हातात दिले.

“खीर कर,” त्या म्हणाल्या. “कढी स्टीलमध्येच.”