गप्प कोणाला व्हावं लागतं?

उरल्यात वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे होऊन घरात येतात. रायपूरच्या उत्तरेच्या या औद्योगिक पट्ट्यात रोलिंग मिल आहेत, स्पंज आयर्नचे कारखाने आहेत आणि त्यांच्या भिंतींना लागून आमच्यासारख्यांच्या वस्त्या आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडून कामाच्या शोधात आलेली बौद्ध कुटुंबं, शेजारी सतनामी, पलीकडच्या गल्लीत ओडिशा आणि बिहारचे मजूर. घरात मराठी, दाराबाहेर छत्तीसगढी आणि हिंदी. संशोधनासाठी मी शहरांत फिरत असते, पण मावशीचं घर अजून इथेच आहे.

गेल्या वर्षी याच घरातली माझी मावसबहीण पदवीधर झाली. तिच्या घरातली पहिलीच. पदवीदानाचा काळा गाऊन घालून, हातात बाबासाहेबांची तसबीर धरून तिने फोटो काढला आणि टाकला. पहिल्या तासात अभिनंदनं आली. मग शाळेतल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीने विचारलं, "कितने परसेंट में हो गया?" खाली दुसऱ्याने लिहिलं, "सरकारी दामाद." तिसऱ्याने हसणारे चेहरे टाकले. रात्रीपर्यंत तीस-चाळीस कमेंट झाल्या. त्यातल्या एकातही जातीचं नाव नव्हतं. तरी जात कोणाची आणि बोलणं कशाबद्दल, हे सगळ्यांना कळत होतं.

पुढे जे झालं तेही लिहायला हवं. आपल्याच वस्तीतली काही मुलं तिच्या बाजूने धावून आली आणि त्या वर्गमैत्रिणीला आईबहिणीवरून शिव्या देऊ लागली. एकाने तर तिचा फोटो उचलून त्याखाली घाणेरडं लिहिलं. मावसबहिणीने ते वाचलं आणि फोटो काढून टाकला. मावशी म्हणाली, "जाऊ दे ना पोरी, कायले त्याइच्या तोंडी लागतं?"

मी त्या ॲपकडे तक्रार केली होती. दोन दिवसांनी उत्तर आलं: आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. पोलिसांत जायचं का, यावर घरात एक रात्र बोलणं झालं. तिचे वडील ठेकेदारी मजूर आहेत. गेटवर कोणाच्या कानावर जाईल, या एका प्रश्नावर विषय संपला.

अभिव्यक्ती स्वातंत्र्य आणि ऑनलाइन शिवीगाळ यांची चर्चा होते तेव्हा एक तराजू पुढे ठेवला जातो. एका पारड्यात बोलण्याचं स्वातंत्र्य, दुसऱ्यात लोकांचं संरक्षण, आणि एक वाढलं की दुसरं घटणार. माझ्या मावसबहिणीचा फोटो या तराजूत कुठे ठेवायचा? त्या रात्री बोलण्याचं स्वातंत्र्य गेलं ते तिचंच. शिव्या देणाऱ्यांपैकी कोणीच गप्प झालं नाही. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की जातीवरून केलेली हिणवणूक हाच एक सेन्सॉर आहे. त्याला सरकारी शिक्का लागत नाही.

हा सेन्सॉर इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचल्यावर त्यातला काही मजकूर मंडळाला खुपला. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला, अधिवेशन रद्द झालं आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. पहिली आवृत्ती १५०० प्रतींची होती. १९८७ साली महाराष्ट्र सरकारने 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रकाशित केलं, तेव्हा भावना दुखावल्या म्हणून त्यातला राम आणि कृष्णावरचा भाग वगळण्याची मागणी झाली. त्याविरुद्ध १९८८ च्या सुरुवातीला दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. तो मोर्चा एका पुस्तकाच्या अभिव्यक्तीसाठी होता, हे आपण फारसं सांगत नाही.

'भावना दुखावल्या' ही कसोटी तेव्हा मान्य झाली असती, तर तो मजकूर वाचकांपर्यंत पोचलाच नसता. म्हणून माझं दुसरं म्हणणं: ज्यांना प्रस्थापित धर्म, सत्ता आणि परंपरा यांवर बोलायचंच आहे, त्यांनी मोघम शब्दांच्या कायद्यांवर भरवसा ठेवू नये. ते कायदे फिरून आपल्यावरच येतात.

उदाहरणं दूर नाहीत. २०१७ मध्ये रायपूर मध्यवर्ती कारागृहातील उपजेलर वर्षा डोंगरे यांनी बस्तरमधल्या आदिवासी मुलींच्या छळाबद्दल फेसबुकवर लिहिलं. त्यांना निलंबित करण्यात आलं. ऑगस्ट २०१३ मध्ये उत्तर प्रदेशात दलित लेखक कंवल भारती यांना सरकारवर टीका करणाऱ्या फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. एप्रिल २०२२ मध्ये जिग्नेश मेवाणी यांना एका ट्वीटसाठी आसामच्या पोलिसांनी गुजरातेतून उचलून नेलं. पुढच्याच महिन्यात दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक रतन लाल यांना ज्ञानवापीवरच्या पोस्टसाठी अटक झाली.

महाराष्ट्राने तर हा धडा आधीच घेतला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल साधा प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ती लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असा फरक केला. पहिल्या दोन गोष्टी कोणाला कितीही टोचल्या तरी त्या स्वातंत्र्यात मोडतात. रोखता येते ती चिथावणी.

मग आपण अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या बाजूचे आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्याही बाजूचे कसे? हा प्रश्न मला विद्यापीठातल्या चहाच्या टपरीवर अनेकदा विचारला गेला आहे, बहुतेक वेळा उपरोधाने. पण तो टाळण्यासारखा नाही. मराठीत एका प्रकरणाने तो थेट समोर आणला.

मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांनी शरद पवारांची, त्यांच्या आजारपणासह टवाळी करणारी, दुसऱ्याने लिहिलेली पोस्ट शेअर केली. त्यांच्यावर राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले आणि महिन्याहून अधिक काळ त्या तुरुंगात राहिल्या. त्याच काळात त्यांच्यावरच्या जुन्या गुन्ह्यातही अटकेची कारवाई झाली. तो गुन्हा मार्च २०२० मधल्या पोस्टबद्दल ॲट्रॉसिटी कायद्याखाली होता. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या नवबौद्धांना फुकटात मुंबई पाहायला येणारे म्हणून हिणवल्याचा आरोप त्यात होता.

व्यक्ती एक, प्रकरणं दोन. पहिल्या प्रकरणातली अटक मला चुकीची वाटली आणि आजही वाटते. पोस्ट हिणकस होती, पण ती राज्यातल्या सर्वांत ताकदवान नेत्यांपैकी एकाबद्दल होती. त्या पोस्टने पवारांचं बोलणं थांबणार नव्हतं, फिरणं थांबणार नव्हतं, ना त्यांच्या मुलांना कोणी शाळेत चिडवणार होतं. दुसऱ्या प्रकरणात माझी आजी आहे. गोंदियाहून रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने दादरला जाणारी, वर्षभर त्या एका दिवसासाठी पैसे बाजूला टाकणारी. तिला 'फुकटी' म्हणणं हे तिच्या कुठल्याही मताला दिलेलं उत्तर नाही. ती ज्या जातीत जन्मली त्यावरून तिची लायकी ठरवणं आहे. आरोप सिद्ध होतो की नाही हे न्यायालय ठरवेल, पण या दोन प्रकरणांना एकाच मापाने मोजणं मला मान्य नाही.

इथेच फरकाची रेघ दिसते. विचारावर, धर्मावर, नेत्यावर, सत्तेवर कितीही कडवट बोला. 'आरक्षण नको' असं कोणी लिहिलं तर ते मत आहे. मी त्याला आकडे आणि इतिहास घेऊन उत्तर देईन. पण एका मुलीच्या पदवीच्या फोटोखाली जाऊन 'सरकारी दामाद' लिहिणं हे आरक्षणाबद्दलचं मत नाही. ते तिला तिची जागा दाखवणं आहे.

ॲट्रॉसिटी कायदा ६६अ पेक्षा वेगळा आहे तो याच कारणाने. तो 'आक्षेपार्ह' असा सैल शब्द वापरत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, २६ जानेवारी २०१६ पासून, कलम ३(१)(आर) लोकांदेखत अपमानित करण्याच्या हेतूने केलेल्या अपमानाबद्दल बोलतं, (एस) जातीवाचक शिवीबद्दल आणि (यू) अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवण्याबद्दल. कोणाकडून कोणाकडे, हे त्यात ठरलेलं आहे. त्यामागे संविधानाचं अनुच्छेद १७ उभं आहे, आणि ते सरकारइतकंच शेजाऱ्यालाही लागू आहे.

न्यायालयांनी या कायद्याची ऑनलाइन हद्द हळूहळू आखली आहे. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की इंटरनेटवरचा अपमान जेव्हा जेव्हा कोणी उघडून पाहील, तेव्हा तेव्हा पीडित व्यक्ती तिथे हजर आहे असंच मानावं लागेल. दुसरीकडे ऑगस्ट २०२४ मध्ये शाजन स्कारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा प्रत्येक अपमान या कायद्यात बसत नाही, तो तिच्या जातीमुळे केलेला असला पाहिजे. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. माझी अडचण पुराव्याची आहे. आजची जात नाव घेऊन बोलत नाही. ती टक्के विचारते, फीबद्दल विचारते, हसणारा चेहरा टाकते. त्या तीस-चाळीस कमेंट जातीमुळेच होत्या, हे दाखवण्याचं ओझं पुन्हा त्या मुलीवरच येतं.

एका गोष्टीबद्दल मला आपल्यातही बोलायचं आहे. याच कायद्यातलं (व्ही) हे पोटकलम अनुसूचित जाती-जमातींना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अनादराबद्दल आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना होते, शिर्डीत मे २०१५ मध्ये मोबाइलच्या रिंगटोनवरच्या भीमगीतावरून एका तरुणाचा खून होतो, अशा देशात हे पोटकलम का आलं ते मी समजू शकते. तरीही एखाद्याने बाबासाहेबांच्या विचारांची चिकित्सा केली, ती चुकीची किंवा उद्धट असली, तरी तिचं उत्तर लेखाने द्यावं, फिर्यादीने नव्हे. 'रिडल्स'साठी रस्त्यावर उतरलेल्या समाजाने दुसऱ्याच्या चिकित्सेला घाबरायचं कारण नाही.

आणि त्या वर्गमैत्रिणीच्या फोटोखाली आपल्या मुलांनी जे लिहिलं त्याचं काय? तिने जातीवरून हिणवलं हे खरं. पण बाईच्या शरीरावरून बोलून जातीचा हिशेब चुकता होत नाही. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं, तिलाच त्याची लाज वाटली. वर आखलेली रेघ आपल्यालाही लागू आहे.

मग करायचं काय? नवा, आणखी कडक, आणखी मोघम कायदा मागायचा नाही. आहे तो कायदा चालवायला लावायचा. तक्रार नोंदवून घेणं हे ठाण्याचं कर्तव्य आहे, कर्तव्यात कसूर केल्यास कलम ४ आहे, पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांसाठी कलम १५अ आहे. फेसबुक आणि यूट्यूबच्या स्वतःच्या नियमांत जात हा संरक्षित घटक म्हणून लिहिलेला आहे. तो नियम मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत कोण वाचतं आणि 'सरकारी दामाद'चा अर्थ त्याला कळतो का, हा प्रश्न कंपन्यांना विचारत राहायचा. तक्रार फेटाळली तर कारण मागायचं. केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते, तिचा वापर करायचा. महाविद्यालयांत २०१२ च्या यूजीसी नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितले आहेत. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुपही त्यांच्या कक्षेत आणा. मुंबईतल्या डॉ. पायल तडवी यांच्या २०१९ मधल्या मृत्यूनंतर ग्रुपवरच्या हिणवणुकीचेही आरोप पुढे आले होते. तिथवर थांबायला नको.

आणि आपण, घरातले पहिले पदवीधर, एवढं तरी करू शकतो: कोणाच्या फोटोखाली असं काही दिसलं तर तारीख, वेळ आणि लिंकसह स्क्रीनशॉट घ्या, कमेंट नाहीशी व्हायच्या आत. त्या व्यक्तीला आधी फोन करा, तिला काय हवं ते विचारा, मगच तिच्या वतीने लढा. 'दुर्लक्ष कर' हा सल्ला देऊ नका. आपल्या आयांनी तो आयुष्यभर पाळला आहे.

मावसबहिणीने फोटो अजून परत टाकलेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "टाकीन, पण आधी नोकरी लागू दे." तो फोटो आता उरल्याच्या घरात भिंतीवर आहे, बाबासाहेबांच्या त्याच तसबिरीशेजारी. कमेंटचे स्क्रीनशॉट तिने माझ्याकडे सांभाळायला दिले आहेत.