‘थोडे’ आणि ‘थोडेच’

नोकरीच्या अर्जात एखाद्या तरुणाने ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स इन अकाउंट्स’ असे लिहिले, तर त्याचा अर्ज बाजूला पडण्याचीच शक्यता अधिक. त्याला सांगायचे होते, ‘हिशेबाच्या कामाचा मला थोडा अनुभव आहे.’ सांगितले गेले ते मात्र, ‘अनुभव जवळजवळ नाहीच.’ गळले ते केवळ एक अक्षर, ‘लिटल’च्या आधीचे ‘अ’.

मराठीत असे उपपद नसल्याने ते आपल्या हातून सहज सुटते. अर्थातला भेद मात्र आपल्याला परका नाही. ‘थोडे लोक आले होते’ आणि ‘थोडेच लोक आले होते’ ही वाक्ये उच्चारून पाहावीत. पहिल्यात आलेल्यांची नोंद आहे, दुसऱ्यात न आलेल्यांची खंत. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘अ फ्यू’, दुसऱ्यासाठी नुसते ‘फ्यू’. आपण ‘च’ जोडून उणीव दाखवतो, इंग्रज ‘अ’ काढून घेऊन. वसतिगृहातल्या मुलीने ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर’ असे कळवले तर निश्चिंत असावे. ‘अ’ नसेल तर त्याच दिवशी तिच्याशी बोलावे. ‘क्वाइट अ फ्यू’चा अर्थ मात्र ‘बरेच’ असा होतो. त्यात तर्क शोधू नये, रूढी म्हणून स्वीकारावे.

‘फ्यू’ व ‘मेनी’ मोजता येणाऱ्या नामांसाठी, ‘लिटल’ व ‘मच’ न मोजता येणाऱ्यांसाठी, हा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो. अडचण नियमाची नाही. काय मोजता येते हे दोन्ही भाषा वेगवेगळे ठरवतात, ही आहे. स्वयंपाकघरातच पाहा. आपण तांदूळ ‘निवडले’, पोहे ‘भिजवले’ असे अनेकवचनात म्हणतो. इंग्रजीतला ‘राइस’ मात्र न मोजता येणारा, म्हणून ‘हाउ मच राइस’. उलट आपली मसुराची डाळ ‘शिजली’, एकवचनात. इंग्रजीत ‘लेंटिल्स’ अनेकवचनी. ‘ओट्स’ अनेकवचनी, ‘व्हीट’ नाही, दोन्ही धान्येच! डोक्यावरचे सारे केस मिळून ‘हेअर’, पण ताटात सापडलेला एक केस ‘अ हेअर’. आणि दिवसभर मोजला जाणारा पैसा, ‘मनी’, व्याकरणात मोजता न येणारा. रुपये मात्र ‘मेनी’. येथे वस्तूकडे पाहून उपयोग नाही, शब्दकोशच उघडावा लागतो. ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ यांनाही ‘एस’ जोडू नये.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’ यांचा वाद तर इंग्रजांच्या घरातलाच. संख्येसाठी ‘फ्युअर’ अधिक शोभते, असे मत रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये मांडले. पुढे त्या आवडीचा नियम झाला. 2008 मध्ये ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ या पाटीवरची टीका टाळण्यासाठी ‘अप टू टेन आयटेम्स’ असे शब्द योजले आणि दोन्ही पक्षांना चुकवले. बोलताना याचा फार बाऊ करू नये असे आम्हांस वाटते. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘फ्युअर मिस्टेक्स’च लिहावे. अंतर, काळ आणि रक्कम यांना ‘लेस दॅन’च योग्य: ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’.

उरले ‘सम’ आणि ‘एनी’. होकारार्थी वाक्यात ‘सम’, नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यात ‘एनी’, एवढेच बहुधा शिकवले जाते. मग पाहुण्याला चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ असे का म्हणतात? कारण रूप प्रश्नाचे असले तरी तो आग्रह आहे. विचारणाऱ्याला होकार अपेक्षित आहे. ‘एनी’ योजले तर व्याकरण बिघडत नाही, पण आग्रह मावळतो. ‘चहा घेणार का?’ आणि ‘थोडा चहा घेता ना?’ यांतला फरक जाणणाऱ्या गृहिणीला हे निराळे शिकवावे लागत नाही.