ट्रॉलीची नोंदणी आणि मजुराचा जीव

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरही धरला आहे. म्हणजे शेतातली ट्रॉली रस्त्यावर आणायची तर तिची ट्रॅक्टरहून वेगळी नोंदणी हवी. देवगोई घाटात बिननोंदीची ट्रॉली अडवणारा पोलीस कायद्याने बरोबरच ठरेल. पण तिच्यात दाटीवाटीने बसलेला मोलगीकडचा आदिवासी मजूर हौसेने बसलेला नसतो, हे सरकारला ठाऊक नाही काय? शिवाय नोंदणी झाली तरी ट्रॉली मालवाहूच राहते. ती उलटली की 'विमा शेतीकामापुरता' असे सांगून कंपनी हात झटकू पाहते आणि मृताच्या घरच्यांना न्यायाधिकरणाचे उंबरठे झिजवावे लागतात. परिवहन कार्यालयाने नोंदणीचे शिबिर मोलगीतच भरवावे, एस.टी.ने पाड्यांपर्यंत गाड्या सोडाव्यात. दंडाच्या पावत्या त्यानंतर फाडाव्यात.