पिल्लू वाटपाचे नको, घरचे हवे



कपाशीचे बी घरचे होते, तोवर ते दुकानात शोधावे लागत नव्हते. संकरित बी आले, २००२ नंतर बीटी आले. आता दर मृगाला दुकानाच्या दारात उभे राहिल्याशिवाय कपाशीची लावण होत नाही. तीच गत आता कोंबडीची होत आहे, आणि तीही मदतीच्या नावाखाली!

वाटपाची पिल्ले लांबच्या उबवणी केंद्रातून येतात. गिरिराज, वनराज ही नावे गावोगाव पोचली आहेत. पक्षी वाईट नाही. वजन धरतो, अंडी गावरानपेक्षा जास्त देतो. पण तो संकर आहे. त्याची पुढची पिढी तशीच निपजत नाही आणि कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. पक्षी संपले की पुन्हा अर्ज, पुन्हा यादी, पुन्हा साहेबांची पायरी. याला आम्ही मदत म्हणत नाही. हे गिऱ्हाईक तयार करणे आहे.

"मग गावरान कोंबडी बसवा," असा सल्ला मिळतो. बसवतोच की! पण तिच्याखाली दहा-बारा अंडी मावतात. २१ दिवस बसणे आणि पुढे दीड-दोन महिने पिल्ले सांभाळणे, तेवढे दिवस अंडी बंद. घरच्या उबवणी पेटीत पन्नास अंडी एकदम लागतात आणि कोंबडी लवकर अंड्यावर येते. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही देणेकऱ्याच्या हातात जातो. अंड्या-कोंबड्यांचा पैसा मात्र बाजाराच्या दिवशी घरच्या बाईच्या पदराला बांधला जातो.

पेटीत जादू नाही. पंख्याच्या पेटीत ३७.५ अंश उष्णता आणि ओलाव्याला पाण्याचे भांडे ठेवावे. अंडी आठवड्याच्या आतली घ्यावीत, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन-चारदा फिरवावीत. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीसमोर धरली की शिरा दिसतात. कोरे अंडे बाहेर काढावे. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद, ओलावा जास्त, झाकण उघडायचे नाही. आपल्या वैशाखात घरात ठेवलेल्या अंड्यातही जीव अर्धवट धरतो आणि मरतो. म्हणून पेटी दिवाळी ते होळी चालवावी.

पेटी विकणारा म्हणतो, सगळे आपोआप होते. विजेशिवाय? खुडूक कोंबडीही चाऱ्यापाण्याला थोडा वेळ उठते, तेवढा गारवा अंडे सोसते. रात्रभर वीज गेली तर पन्नास जीव पेटीतच मरू शकतात. वाटपाचे फोटो काढणाऱ्यांनी आधी गावाला रात्रीची खात्रीची वीज द्यावी.

दुसरी गोष्ट लसीची. मानमोडीवरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात घालतात. पण कुपी शंभर आणि त्याहून जास्त पिल्लांची असते, बर्फात आणावी लागते, आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी एकटी बाई ती कशी आणणार? म्हणून पाच घरांनी एकाच दिवशी अंडी लावावीत. पिल्ले एकदम निघतील, कुपी वाया जाणार नाही.

पिल्लांच्या यादीत नाव घाला म्हणून आपण कुणाच्या मागे लागायचे नाही. मागायचे ते दोनच: रात्रीची वीज आणि दवाखान्यात वेळेवर लस. बाकीचे आपल्या घरात आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली पाच घरे ठरवून यावे.