विश्लेषण : उडी तेवढीच, पण पाय थकलेले! गुडघ्याचा धोका कसा ओळखायचा?

व्हॉलीबॉलचा सामना पाचव्या सेटपर्यंत गेला की खेळाडूंच्या पायांकडे नीट पाहा. पहिल्या सेटमध्ये हलकेच उतरणारा ब्लॉकर आता धप्पकन उतरतो. एक पाय आधी टेकतो, गुडघा आत झुकतो. उडीची उंची मात्र जवळपास तेवढीच असते, म्हणून ‘अजून दम आहे’ असे वाटते. इथेच फसगत होते. आपल्याकडे अनेक मैदानांवर सरावाच्या अगदी शेवटी, कधी शिक्षा म्हणूनही, बेडूकउड्या मारायला लावतात. ही सवय आता सोडायला हवी.

पायाची ‘स्प्रिंग’ म्हणजे काय?

उडी मारताना घोटा, गुडघा आणि खुबा मिळून स्प्रिंगसारखे काम करतात. जमिनीवर आल्यावर पायावर किती जोर आला आणि त्याने पाय किती दबला, या गुणोत्तराला पायाची ताठरता म्हणतात. समजा, 1800 न्यूटन जोराने पाय 10 सेंटिमीटर दबला, तर ताठरता मीटरला 18 हजार न्यूटन. थकल्यावर तेवढ्याच जोराने तो 12 सेंटिमीटर दबला, तर ती 15 हजारांवर येते. ताठरता फार वाढली तर धक्का हाडांना बसतो, फार घटली तर सांध्यांवरचा ताबा सुटतो.

थकव्याने नेमके काय बिघडते?

पाय जमिनीला टेकण्याआधीच पोटरी आणि मांडीचे स्नायू आवळून तयार असतात. थकल्यावर ही पूर्वतयारी कमी पडू शकते. मग टाचेच्या वरच्या कंडरात साठलेली ऊर्जा पुढच्या उडीसाठी पुरेशी परत मिळत नाही. खेळाडू गुडघे जास्त वाकवतो, जमिनीवर जास्त वेळ घेतो आणि उंची कशीबशी टिकवतो. म्हणजे थकवा उंचीत दिसण्याआधी उडी मारण्याच्या पद्धतीत दिसतो.

दोन्ही पाय सारखेच थकतात का?

नेहमी नाही. थोडा फरक निरोगी खेळाडूतही असतो. थकव्याने तो प्रत्येकात वाढतोच, असेही नाही. अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. पण ज्याचा एक पाय आधीच कमजोर आहे किंवा जुनी दुखापत आहे, त्याच्या बाबतीत सावध राहायला हवे. तो नकळत चांगल्या पायावर भार टाकतो आणि दोन्ही पायांनी मारलेल्या उडीत हे लपून जाते.

धोका किती खरा?

गुडघ्यातील ‘एसीएल’ हा अस्थिबंध फाटतो, तो बहुधा पाय टेकल्यानंतरच्या पहिल्या 50 मिलिसेकंदांच्या आसपास. एवढ्या वेळात विचार करून पाय सावरणे अशक्य असते. मुलींमध्ये हा धोका मुलांच्या तुलनेत दुपटीहून अधिक मानला जातो. अर्थात, थकवा हे एकमेव कारण नव्हे. जानेवारी 2019 मध्ये इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालविरुद्ध खेळताना कॅरोलिना मारिनचा गुडघा पहिल्याच गेममध्ये, 10-4 अशी आघाडी असताना दुखावला. ताज्या पायांनाही हा धोका असेल, तर थकलेल्या पायांना मुद्दाम उड्या मारायला लावण्यात शहाणपण कसले?

मग करायचे काय?

उड्यांचा सराव वॉर्मअपनंतर लगेच, पाय ताजे असताना घ्या. उतरण्याचा आवाज ऐका; तो जड झाला की थांबा. मोबाइलवर समोरून स्लो मोशन व्हिडीओ काढा आणि गुडघे आत झुकतात का, एक पाय आधी टेकतो का, ते पाहा. महिन्यातून एकदा एका पायावरची लांब उडी मोजा. उजव्याने 150 आणि डाव्याने 132 सेंटिमीटर, म्हणजे 88 टक्के. 90 टक्क्यांपेक्षा कमी आल्यास कमजोर पायाची ताकद वाढवा. दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

थकव्यात खेळण्याची तयारी नको, असे नाही; पाचवा सेट खेळावाच लागतो. पण ती तयारी आठवड्यागणिक, मोजून वाढवायची असते. ‘आणखी वीस मार’ म्हणणे सोपे आहे. एसीएलची शस्त्रक्रिया झाली, तर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी ते अख्खे शालेय वर्ष असते.